नकाराचा अधिकार

२०२१ या एका वर्षात महाराष्ट्राच्या तीन रुग्णालयांत जे घडले, ते एकत्र वाचायला हवे. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि १० अर्भके गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, वाहिनीतला दाब कोसळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. ११ जणांचा मृत्यू झाला. तिन्ही ठिकाणी डॉक्टर होते, परिचारिका होत्या, औषधे होती. मृत्यू आला तो विजेच्या, वायूच्या आणि यंत्रांच्या वाटेने. पुढे चौकशा झाल्या, निलंबने झाली, परिचारिकांवर गुन्हेही नोंदले गेले. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ‘हे यंत्र, ही टाकी, ही वायरिंग आज वापरायची नाही,’ असे सांगणे हेच ज्याचे काम आहे, आणि ज्याने तसे सांगितल्यावर ते ऐकणे इतरांवर बंधनकारक आहे, असा माणूस आपल्या रुग्णालयांत असतो का?

आरोग्याच्या क्षेत्रातल्या करिअरची चर्चा मला या प्रश्नापासून सुरू करावीशी वाटते. ती आपल्याकडे नेहमी ‘स्कोप’पासून सुरू होते: पगार किती, कॉलेज कुठले, परदेशात मागणी आहे का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. घर चालवायचे असते. पण पोषण, पर्यावरणीय आरोग्य आणि रुग्णालयांना लागणाऱ्या बायोमेडिकल सेवा या तीन क्षेत्रांचे दुखणे पगाराच्या आधीचे आहे. आहारतज्ज्ञ, आरोग्य निरीक्षक, बायोमेडिकल इंजिनिअर, डायलिसिस तंत्रज्ञ या सगळ्यांना आपण ‘सहायक’ या एका खान्यात टाकले आहे. सहायकाने मदत करायची असते, अडवायचे नसते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या माणसांच्या कामाचा गाभा अडवण्यातच आहे. योग्य वेळी, ज्ञानाच्या आधारावर, ठामपणे ‘नाही’ म्हणणे हीच त्यांची समाजाला होणारी सर्वांत मोठी मदत आहे. ज्या दिवशी त्यांच्या नकाराला कायद्याचे वजन येईल, त्या दिवशी ही करिअर होतील. तोवर त्या नोकऱ्याच राहतील, आणि बहुतेक वेळा कंत्राटी.

ही तीन कामे परस्परांत किती गुंतलेली आहेत, हे डायलिसिसच्या एका खुर्चीजवळ उभे राहिले की कळते. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रावण वाहते, म्हणजे चार तासांच्या एका सत्रात रुग्णाचे रक्त एका पातळ पडद्यापलीकडे सुमारे १२० लिटर पाण्याच्या संपर्कात येते. गावाचे किंवा शहराचे पाणी पिण्यायोग्य व्हावे म्हणून पाणीपुरवठ्याचे लोक त्यात क्लोरीन घालतात, आणि ते घातलेच पाहिजे. पण तेच क्लोरीन, विशेषतः क्लोरामाइनच्या रूपात, डायलिसिसच्या पाण्यात राहिले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून यंत्रापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा दंडक आहे. कार्बन फिल्टरनंतरचे पाणी तपासायचे आणि आकडा वर गेला तर रुग्ण रांगेत बसलेले असतानाही यंत्र सुरू करायचे नाही, हा निर्णय तंत्रज्ञाचा. त्याच रुग्णाने घरी गेल्यावर काय खायचे, हा निर्णय आहारतज्ज्ञाचा. मूत्रपिंड बिघडू लागते तेव्हा प्रथिने कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाले की ती पुन्हा वाढवावी लागतात, कारण प्रत्येक सत्रात काही प्रथिनघटक वाहून जातात. नारळपाणी, फळांचा रस हे आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो, पण त्यांतले पोटॅशियम या रुग्णाचे हृदय थांबवू शकते. डॉक्टर डायलिसिस लिहून देतो. रुग्ण जगतो तो पाण्याची तपासणी, यंत्राची देखभाल आणि ताटातले अन्न यांच्यावर. यांतला कोणताही दुवा सुटला तर डॉक्टरची सही त्याला वाचवू शकत नाही.

आता यंत्रांकडे पाहू. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी झालेल्या मोजणीत देशभरातल्या २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणे नोंदली गेली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. वेगवेगळ्या राज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत होती. जिथे बंद यंत्रांचे प्रमाण एक तृतीयांशावर जाते, तिथे खरेदीच्या बातम्यांना फारसा अर्थ उरत नाही. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात उपकरणे ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयात ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरले. ‘मशीन बंद आहे, कंपनीला कॉल लावलाय’ हे वाक्य सरकारी दवाखान्यात ज्याने ऐकले आहे, त्याला या टक्क्यांचे मोल कळेल.

पण यंत्र चालू असणे आणि ते बरोबर चालणे यांत फरक आहे. बंद पडलेले यंत्र निदान सर्वांना दिसते. चुकीचा आकडा दाखवणारा मॉनिटर, ठरल्यापेक्षा जास्त औषध सोडणारा इन्फ्युजन पंप, बाळाला ऊब देताना तापमान भलतेच वाढवणारा वॉर्मर हे चालूच असतात. त्यांना ठरावीक काळाने कॅलिब्रेशन लागते, विजेच्या गळतीची चाचणी लागते, आणि त्या चाचणीत नापास झालेल्या यंत्रावर ‘वापरू नये’ असा फलक लावणारा माणूस लागतो. मे २०२१ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरचा वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला. एक बाजू म्हणे यंत्रे सदोष आहेत. दुसरी बाजू म्हणे यंत्रे नीट बसवलेली आणि हाताळलेली नाहीत. महासाथ शिगेला असताना या वादाचा निवाडा न्यायालयात शोधावा लागला. वास्तविक हा निवाडा रुग्णालयातच, यंत्र खोक्यातून बाहेर काढल्या दिवशीच व्हायला हवा होता. स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक यंत्राची चाचणी घेणारा आणि ‘हे मी ताब्यात घेणार नाही’ असे लिहून देऊ शकणारा स्वतंत्र बायोमेडिकल इंजिनिअर हा त्याचा उपाय आहे. ज्याने यंत्र विकले त्याच्याच माणसाने ते तपासायचे, ही व्यवस्था कोणत्याही गंभीर क्षेत्रात चालू नये.

पोषणाच्या क्षेत्रात नकाराचे महत्त्व आणखी सूक्ष्म आहे. कुपोषित मुलाला भरपूर खाऊ घालावे, हे कोणालाही सुचते. तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत हीच माया जीवघेणी ठरते. अशा मुलाचे हृदय अशक्त झालेले असते, यकृत आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतात, पेशींच्या आतबाहेरचा क्षारांचा तोल ढळलेला असतो. त्याला एकदम उष्मांक, प्रथिने आणि मीठ दिले तर शरीर ते पेलू शकत नाही. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात आधी एफ-७५ हे दुधापासून तयार केलेले मिश्रण देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये केवळ ७५ उष्मांक असतात. ते थोडे थोडे, सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल स्थिरावले आणि भूक परतली की मग एफ-१००. मूल पांढरेफटक दिसत असले तरी लोहाचे औषध पहिल्या टप्प्यात द्यायचे नाही. वजन वाढू लागल्यावर द्यायचे. ‘अजून नाही’ असे आईला, आजीला आणि कधी कधी घाईतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही सांगणे हे तिथल्या आहारतज्ज्ञाचे काम आहे. केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा केंद्रांसाठी पोषण समुपदेशकाचे पद आहे. मेळघाटातल्या केंद्रात हे काम करणाऱ्याला कोरकू बोलता आली पाहिजे, मोहाच्या हंगामात घरात काय शिजते आणि श्रावणात काय संपलेले असते हे माहीत असले पाहिजे. हे ज्ञान प्रयोगशाळेत मिळत नाही आणि प्रयोगशाळेशिवायही मिळत नाही.

हे काम किती मोठे आहे, ते आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना आहे. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाचे हे चित्र आहे. त्याच राज्यात, शहरांत आणि आता मोठ्या गावांतही, मधुमेह आणि लठ्ठपणा वाढतो आहे. एका टोकाला ताटात अन्न कमी आणि दुसऱ्या टोकाला चुकीचे अन्न जास्त. दोन्ही टोकांना आहारतज्ज्ञ हवा. आणि तरीही अन्नासंबंधीचे सार्वजनिक निर्णय त्याला वगळून होतात. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला. पैशाची अडचण असू शकते, मतभेद असू शकतात. पण प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या माध्यान्ह भोजनात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हवीत हा निकष असताना, अंडे वजा केल्यावर चांगल्या दर्जाचे प्रथिन कुठून भरून निघणार, याचे लेखी उत्तर एखाद्या पोषणतज्ज्ञाच्या सहीने येणे बंधनकारक असायला हवे.

आहारशास्त्राला आपण कमी लेखतो, यामागे आणखी एक कारण आहे. हे शास्त्र आपल्याकडे गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांतून वाढले, त्यात मुली शिकल्या, आणि समाजाने ते स्वयंपाकघराचे शिक्षण मानले. एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहूच्या महाविद्यालयाने आणि मुंबईच्या निर्मला निकेतनने घडवलेल्या आहारतज्ज्ञांनी मोठमोठ्या रुग्णालयांचे आहार विभाग उभे केले, तरी हा समज पुरता गेला नाही. त्यावर कमला सोहोनींचे उदाहरण पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. माहेरच्या कमला भागवत, म्हणजे लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या अडून बसल्या आणि अटींवर प्रवेश मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतली प्रथिने, नीरा यांच्यावर संशोधन केले. गरिबाच्या ताटात जे येऊ शकते, तेच त्यांनी प्रयोगशाळेत घेतले. नंतर मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक संघटनेत त्या सक्रिय झाल्या आणि भेसळ, अन्नसुरक्षा यांविषयी सामान्य ग्राहकासाठी लिहीत राहिल्या. शास्त्राच्या आधारे ग्राहकाला दुकानदारापुढे ‘हे मी घेणार नाही’ म्हणता यावे, हे त्या लेखनाचे सार होते. पोषणातली कारकीर्द एवढी उंच आणि एवढी उपयोगी असू शकते.

तिसरे क्षेत्र सर्वांत दुर्लक्षित. पर्यावरणीय आरोग्य म्हणजे पाणी, हवा, सांडपाणी, कचरा, डास, उष्णता, कामाच्या ठिकाणचे विष. इथले काम यशस्वी झाले की काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याचे श्रेय कोणी देत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,००० लोक आजारी पडले. यमुनेचे पात्र सरकल्याने नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपशाच्या ठिकाणी शिरले होते. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवले गेले, त्यामुळे जिवाणूंच्या रोगांची लाट आली नाही. विषाणू मात्र त्यातून निसटला. तो हिपॅटायटिस ई होता, हे शास्त्राला कितीतरी वर्षांनी कळले. पाणी दिसायला स्वच्छ असणे आणि सुरक्षित असणे यांतले अंतर या साथीने देशाला शिकवले. दोन-तीन वर्षांतच, १९५८ मध्ये, नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तीच आजची ‘नीरी’. म्हणजे या विद्येचे राष्ट्रीय घर महाराष्ट्रात आहे. तरी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले तेव्हा संशय पुन्हा पाण्यावरच गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. शहर वाढले, गावे महापालिकेत आली, इमारती उठल्या. विहिरीचे पाणी रोज तपासणारी यंत्रणा त्या वेगाने वाढली नाही.

खेड्यात या साखळीच्या टोकाला जलसुरक्षक असतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, ओटी टेस्ट करून नळाच्या शेवटच्या टोकाला उर्वरित क्लोरीन आहे का ते पाहायचे, नमुने प्रयोगशाळेला पाठवायचे हे त्याचे काम. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. पद्धत चांगली आहे, देशाने घ्यावी अशी आहे. तिची कमकुवत बाजू अशी की मानधनावर काम करणाऱ्या ज्या माणसाने ‘हे पाणी पिऊ नका’ म्हणायचे, तो त्याच पंचायतीच्या मर्जीवर अवलंबून असतो जिची त्या वाक्याने नाचक्की होणार आहे. कार्ड लाल झाल्यावर पुढे काय, याचे उत्तरही पंचायतीच्या इच्छेवरच सोडलेले. कामाच्या ठिकाणच्या विषाबाबत तर असा टोकाचा माणूसही नसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो आजारी पडले. फवारणीचे औषध विकणारा होता, कृषी विभाग होता, दवाखाना होता. उंच वाढलेल्या पिकात, उन्हात, हातमोज्यांशिवाय, मिश्रण करून फवारणी करू नका, असे बांधावर येऊन सांगणारा आणि धोकादायक विक्री तिथेच थांबवू शकणारा आरोग्याचा माणूस नव्हता. शेतमजुराच्या कामाच्या जागेचे आरोग्य पाहणे हे आपण कोणाचेच काम मानलेले नाही.

नकाराचा अधिकार ही स्वप्नाळू मागणी आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. एका क्षेत्रात आपण तो दिलेला आहे आणि तो काम करतो. किरणोत्सर्गाचा वापर होतो तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. २००४ च्या नियमांनुसार मंडळाच्या मान्यतेने सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि धोका दिसला तर तो कळवणे हे त्याचे कर्तव्य असते. कर्करोगाच्या किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट लागतो. मात्रेचे गणित त्याने तपासल्यावरच किरण सुटतात. हे तज्ज्ञ घडवण्यासाठी तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून पदविका अभ्यासक्रम चालतो. या माणसाला रुग्णालयात कोणी ‘सहायक’ म्हणून दूर सारत नाही, कारण त्याच्या संमतीशिवाय विभागाचे दार उघडत नाही. अधिकार आणि प्रशिक्षण एकमेकांच्या आधाराने आले, प्रतिष्ठा आणि पगार मागून आले. किरणांची आपल्याला भीती वाटली म्हणून आपण हे केले. दूषित पाणी, सदोष वॉर्मर आणि चुकीचे अन्न यांनी किरणांपेक्षा कितीतरी अधिक माणसे मारली आहेत. त्यांची भीती मात्र आपल्या कायद्यात उतरलेली नाही.

एक पाऊल पडले आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत: आहारतज्ज्ञ आहे, पर्यावरण संरक्षण अधिकारी आहे, कामाच्या ठिकाणचे आरोग्य आणि सुरक्षा पाहणारा अधिकारी आहे, बायोमेडिकल इंजिनिअर आहे, डायलिसिस तंत्रज्ञ आहे. पदवीधर आरोग्य व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे, तर संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे शिक्षण कायद्याने ठरवले. राज्यांनी परिषदा नेमायच्या, नोंदणी करायची. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. हा कायदा मौल्यवान आहे. पण तो ‘हा माणूस कोण’ एवढेच सांगतो. ‘या माणसाने नाही म्हटले तर काय’ हे सांगत नाही. नोंदणी क्रमांक मिळालेला तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असेल, तर वरिष्ठांनी सुरू ठेवायला सांगितलेले यंत्र तो बंद करणार नाही. त्याच्यात धैर्य नाही असे नव्हे. पुढची ऑर्डर त्याच वरिष्ठांच्या हातात आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला डॉक्टरांचा: उपचाराची जबाबदारी एकाची असली पाहिजे; चार जण अडवू लागले तर रुग्ण दगावेल. हे खरे आहे, म्हणून नकार मर्यादित हवा. प्रत्येकाने आपल्या शास्त्रापुरताच नकार द्यावा, तो लेखी असावा, आणि डॉक्टरला तो ओलांडायचा असेल तर ओलांडताही यावा, मात्र लेखी कारण देऊन आणि स्वतःच्या सहीने. एवढ्यानेही वागणूक बदलते. कारण कागदावर उतरलेला इशारा कोणी सहज बाजूला सारत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. वीस खाटांच्या रुग्णालयाला स्वतःचा बायोमेडिकल इंजिनिअर आणि आहारतज्ज्ञ कसा परवडेल? परवडणार नाही, पण जिल्ह्याचा एक संवर्ग उभारता येतो, ज्यातली माणसे ठरलेल्या दिवशी तालुक्यातालुक्यांत जातील आणि खासगी छोटी रुग्णालयेही शुल्क भरून त्यांची सेवा घेतील. जळालेल्या कक्षाची, न्यायालयीन खटल्यांची आणि गेलेल्या जिवांची किंमत यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तिसरा आक्षेप सामान्य नागरिकाचा आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: अडवण्याचा अधिकार म्हणजे वसुलीचा परवाना. इन्स्पेक्टर या पदाचा आपला अनुभव काही चांगला नाही. त्यावर उपाय एकच, उघडेपणा. पाण्याच्या नमुन्याचा निकाल पंचायतीच्या फलकावर, यंत्राच्या चाचणीची तारीख यंत्रावर, स्वयंपाकघराच्या तपासणीचा अहवाल दारावर. नकार नोंदवलेला, कारणासहित, अपिलाला खुला आणि लोकांना दिसणारा असेल तर त्याचा बाजार मांडणे कठीण होते. बंद दाराआडचा अधिकार वसुली करतो. चारचौघांत वापरलेला अधिकार विश्वास कमावतो.

आता ज्यांना ही वाट धरायची आहे, त्यांच्याशी आणि त्यांच्या पालकांशी थेट बोलतो. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. उरलेल्या लाखो मुलांना घरात, क्लासमध्ये, नातेवाइकांत ‘राहून गेलेली’ मुले म्हणून वागवले जाते, आणि मग ती बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी), आहारशास्त्र, बायोमेडिकल इंजिनिअरिंग या वाटांकडे पराभूत मनाने येतात. हा त्या मुलांवर अन्याय आहे आणि त्या विद्यांवरही. ज्याला यंत्राच्या पोटात काय चालले आहे याची ओढ आहे, ज्याला गावच्या पाण्याची चव बदलली तर झोप लागत नाही, ज्याला अन्नाचे रसायन आणि माणसाचे मन दोन्ही कळून घ्यायचे आहे, त्याने ही क्षेत्रे पहिली पसंती म्हणून निवडावीत. पण डोळे उघडे ठेवून. प्रवेशापूर्वी विचारा: अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, प्रत्यक्ष रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत किती तास काम करायला मिळेल, नव्या कायद्यानुसार परिषदेत नोंदणी होईल का. सहा महिन्यांत आहारतज्ज्ञ बनवणारी किंवा वर्षभरात रुग्णालयाचे तंत्रज्ञ घडवणारी दुकाने टाळा. तुमच्या हातात प्रमाणपत्र पडेल. ज्याच्या जिवाशी खेळ होईल तो रुग्ण दुसराच असेल. आणि ज्ञानाइतकेच नोंदी ठेवायला शिका. लॉगबुक नीट लिहिणे, नमुना कधी, कुठून, कोणी घेतला हे नेमके टिपणे, इशारा लेखी देणे ही या व्यवसायांची शस्त्रे आहेत. अधिकार कायद्याने मिळेल तेव्हा मिळेल. विश्वासार्हता आजपासून कमावता येते.

सरकारकडे मागणी स्पष्ट आहे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत आहारतज्ज्ञ व बायोमेडिकल इंजिनिअर यांची नियमित पदे निर्माण करून ती भरा. पाणी आणि अन्न तपासणाऱ्यांची नेमणूक, बदली आणि मानधन ज्यांची तपासणी होते त्यांच्या हातून काढून घ्या. राज्य परिषदेच्या नियमांत प्रत्येक व्यवसायाच्या लेखी नकाराला स्थान द्या. या व्यवसायांत निवृत्तीपर्यंत चढता येईल अशी बढतीची शिडी तयार करा, म्हणजे हुशार मूल चार वर्षांनी हे काम सोडून आखातात किंवा विम्याच्या कंपनीत जाणार नाही.

आणि वाचकांकडेही एक मागणी आहे. पुढच्या वेळी तुमच्या तालुक्याच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात गेलात, तर तीन गोष्टी विचारा. इथल्या यंत्रांची शेवटची चाचणी कधी झाली आणि ती कोणी केली? दाखल रुग्णाचा आहार कोण ठरवते? पिण्याच्या पाण्याचा शेवटचा अहवाल कुठे पाहायला मिळेल? उत्तर मिळाले नाही तर तसा अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. लोक विचारू लागले की पदे निर्माण होतात, पदे निर्माण झाली की चांगली मुले येतात, आणि ज्ञानाने ‘नाही’ म्हणणारी माणसे योग्य जागी उभी राहिली की भंडाऱ्यासारख्या रात्री टळतात. आरोग्यव्यवस्थेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपचार हाच आहे, आणि तो आपण अजून सुरूच केलेला नाही.